शून्य पूर्णांक चार

“धड जात पण नाही हा,” सर पुटपुटले.

मला उद्देशून नव्हतं ते. माझ्या पाठीशी उभे राहून, चष्मा कपाळावर सारून, आपला जुना फोन नाकापाशी धरून ते स्वतःशीच कुरकुरत होते. पण आमची ही माडीवरची खोली एवढीशी, की कुणी स्वतःशी बोललं तरी दुसऱ्याच्या मानेला वारा लागतो. “गेल्यासारखं करतो अन् धाडकन परत येतो. हे काही बरं दिसत नाही लग्नाच्या पत्रिकेत.”

माझी बोटं होती तिथंच राहिली. मागे वळून पाहावं असं वाटलं, आणि वळू नये असंही. भिंतीपलीकडे अन्सारींचे लूम खटखटत होते, खाली स्नेहल न्हाणीत बादली आपटत होती, आणि माझ्या मानेमागे तो फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्याची बारीकशी सनई वाजली. सर पुन्हा पाहत होते. तो पुन्हा जात होता. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन. मग सरांनी नाकातून श्वास सोडला, त्यावरून कळलं की आला परत.

सर म्हणजे माझा नवरा, दिगंबर सर. एकतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं त्यांनी. आमचा अख्खा बुधवारा मोहल्ला त्यांना सर म्हणतो, मग मी एकटीनं वेगळं काय म्हणायचं. लग्नानंतर एकदा ‘अहो’ म्हणून पाहिलं होतं, तर त्यांनी मागे वळून बघितलं की कुणाला हाक आली. आणि ‘हा’ म्हणजे मोहित. आमचा मोठा. स्नेहलचा भाऊ. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात तापीला पूर होता तेव्हा त्याची मोटरसायकल घाटावर मिळाली, चावी तिलाच, आणि तो मिळाला नाही. त्यानंतर कुणी तरी, बहुतेक शेजारच्या सुमनवहिनींनी, पहिल्यांदा म्हटलं की सुरतला निघून गेला असेल, इथली कितीतरी पोरं जातात, रागावून गेला असेल. ते वाक्य आम्ही तिघांनी असं उचललं जसं कुणाचं पडलेलं पाकीट उचलावं, इकडेतिकडे न बघता. तेव्हापासून मोहित सुरतला आहे. तापी पण पुढे सुरतलाच जाते, हे या गावात न कळणारं कुणी नाही, पण माणसं चांगली आहेत, कुणी बोलत नाही.

आता स्नेहलचं लग्न अठरा दिवसांवर आलंय. मुलगा पंकज, नेपानगरचा, वडील कागदाच्या मिलमध्ये होते. आणि पत्रिका मी करतेय, कारण गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका मीच करते, मग पोटच्या पोरीची कुणाकडे देणार. कागदाची नाही, मोबाइलची. फोनवर पाठवायची, उघडली की सनई वाजते, गणपती उमटतो, मग एकेक करून घरच्यांचे फोटो धुक्यातून यावेत तसे येतात. आज बाराच्या आत मुहूर्त आहे. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची म्हणजे आता फोनच ठेवतात पाटावर, आणि कुंकू काचेला लागू नये म्हणून मागच्या कव्हरला लावतात. मग ती सगळ्यांना सोडायची. एकदा सोडली की तुकईथडपासून नाशिकपर्यंत दीडशे घरांत उघडणार, परत घेता येणार नाही. आणि पत्रिकेत माझ्या मुलाला कुठला आकडा द्यायचा ते अजून ठरलेलं नाही.

आकडा म्हणजे काय ते सांगते, अवघड नाही. प्रत्येक फोटोला शून्यापासून एकपर्यंत एक आकडा देता येतो. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही, नुसती मागची भिंत. एक म्हणजे पूर्ण, ठसठशीत. मधला कुठलाही आकडा दिला तर फोटोही दिसतो आणि त्याच्यातून मागचंही दिसतं. शून्यावरून एकवर हळूहळू नेलं की माणूस उमटतो, एकवरून शून्यावर आणलं की विरतो. एवढंच सगळं आहे. मी हे शिकले तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. त्याआधी बावीस वर्षं छापखान्यात पत्रिका जुळवायचे, मराठी पण, हिंदी पण, आणि गेलेल्या माणसांच्या नावामागे ‘कै.’ लावायचं काम इतक्या वेळा केलं की झोपेतही बोट त्या दोन कळांवर जाई. फोनवरच्या पत्रिकेत मी ते ‘कै.’ काढून टाकलं. लग्नाच्या घरात ती दोन अक्षरं मला कधीच आवडली नव्हती. त्याऐवजी गेलेल्यांचे फोटो मी अर्ध्यात थांबवते. शून्य पूर्णांक चारवर. मागचा झेंडूचा रंग त्यांच्यातून आरपार दिसत राहतो, चेहरा ओळखू येतो, आणि तरी समजतं. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्याच पत्रिकेत लोकांनी बरोबर ओळखलं, आणि आता तर माणसं कामच तसं सांगतात, “वहिनी, आमच्या आजोबांना फिकं करा, आजीला अजून राहू द्या.”

तर मोहितला एक दिला तर दीडशे घरांना कळणार की आम्ही अजून खोटं बोलतो. शून्य पूर्णांक चार दिला तर दीडशे घरांना कळणार की आता नाही बोलत. आणि त्या दीडशेंच्या आधी या घरातल्या तिघांना.

मी काय केलं होतं, तर त्याला आणलं आणि नेलं. शून्यावरून एक, तीन सेकंद, पुन्हा शून्य. म्हटलं, दिसला न दिसला होईल. ज्याला दिसायचा त्याला दिसेल. पण जुन्या फोनची एक खोड असते. तिथं विरणं हा नुसता देखावा असतो. फोटो आत जसाच्या तसा असतो, फक्त वरून पुसट दाखवतात. देखावा संपला की फोन तो फोटो मुळात होता तसा पुन्हा काढतो, आणि विरलेला माणूस झटक्यात समोर येऊन उभा राहतो. ते होऊ नये म्हणून एक ओळ लिहावी लागते, शेवटी जसं झालं तसंच राहू दे, एवढ्याच अर्थाची. बाकी सगळ्यांना ती ओळ आहे. सासऱ्यांना आहे, सासूबाईंना आहे, गेलेल्या कडूमामांना आहे. मोहितला नाही. विसरले असं मी म्हणू शकते, आणि कुणी विचारलं तर म्हणेनही. पण बाकीच्यांचं मी एकातून दुसऱ्यात उतरवून घेतलं होतं आणि त्याचं तेवढं हातानं लिहिलं होतं, एकेक अक्षर, आणि त्या ओळीशी आल्यावर उठून चहा ठेवायला गेले होते.

हे सगळं त्याच्याच लॅपटॉपवर शिकले मी. इंदूरची नोकरी सुटल्यावर तो घरी आला तेव्हा लॅपटॉप घेऊन आला, आणि आठ महिने दोघं एकाच खोलीत पडून राहिले. सर जाता-येता बोलायचे. फार नाही, दोन शब्द. “उठले का साहेब.” गणिताच्या मास्तरांची ती सवय असते, उत्तर चुकलं की पाटीवर टिचकी मारायची. मी मध्ये पडायचे नाही. मला वाटायचं, बाप-लेकाचं आहे. छापखान्यातलं काम कमी होत चाललं होतं, म्हणून मी त्याच्याकडून लॅपटॉप मागून घेतला, फोनवर हिंदी व्हिडिओ बघून बघून लिहायला बसले. तो हसायचा. “आई, तू कोड लिहिणार? पहले साधी बेरीज-वजाबाकी शीक.” पण शिकवायचा. माझ्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीनवर बोट ठेवायचा, आणि काचेवर तेलकट ठसा राहायचा, तो मी पदरानं पुसायचे. पुसणारी मीच होते, म्हणजे त्याचा अर्थ काय झाला ते बघा, आता एकही ठसा शिल्लक नाही.

तो गेला त्या सकाळी मी पहिल्यांदाच एक फोटो विरवत होते. भिकनशेठच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका होती. फोटो विरत नव्हता, उडी मारून नाहीसा होत होता, आणि मी तासभर त्यातच अडकले होते. मोहित दाराबाहेरच्या जिन्यात येऊन उभा राहिला. स्क्रीनचा खालचा भाग काळा होता, त्यात मला तो दिसत होता, डोकं तेवढं उंबऱ्याच्या वर, बाकी अंधार. किती वेळ उभा होता सांगता येत नाही. काही म्हणायला आला असेल का, की नुसता बघायला, हे मी चार वर्षं रोज वेगळं ठरवते. मी म्हटलं, “डबा झाकून ठेवलाय.” वळले नाही. वळले असते तर हातातली ओळ सुटली असती. मग काळ्या भागात कुणी नव्हतं. दुपारी तो फोटो विरला, अगदी मऊ, दुधात साखर विरावी तसा, आणि मी एकटीच टाळी वाजवली.

पोलीस चौकीतल्या माणसानं विचारलं, अंगात शर्ट कुठल्या रंगाचा होता. मी सांगू शकले नाही. आई असून. सर म्हणाले, “त्याचे दोन-चार रंगांचे आहेत,” आणि तो माणूस पेन धरून आमच्याकडे बघत राहिला.

सहाव्या दिवशी रामदासभाऊजींचा नदीकाठच्या दापोऱ्याहून फोन आला. सरांचे धाकटे भाऊ, केळी करतात. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, बागेत वारं शिरलंय, झाडं पडलीत, बघून येतो. ते गेले. दिवेलागणीला परत आले ते घरात आले नाहीत. अंगणातल्या नळाखाली उभे राहिले, अंगातल्या कपड्यांसकट, डोक्यावरून पाणी घेत. मी दारात टॉवेल घेऊन उभी राहिले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला नाही, म्हणाले, “दाराला अडकव.” मी अडकवला. बस, एवढं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देव पिवळ्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले, म्हणाले, देव्हाऱ्याला वाळवी लागतेय, रंग देतो. एक हात दिला. दोन तासांत वाळणारा तो रंग तेरा दिवस वाळत होता. ते दिवस गणपतीचे होते, सुमनवहिनी आरतीला बोलवायला आल्या, मी म्हटलं, पाय मुरगळलाय. स्नेहलला त्यांनी हातावर प्रसाद दिला, तो तिनं कागदात बांधून ठेवला, म्हणाली, पोट बिघडलंय. एका घरात तीन माणसं तेरा दिवस सुतक पाळत होती, एकमेकांपासून चोरून. चौदाव्या दिवशी देव खाली आले. चौकीतून पुढं कुणी आलं नाही, आणि मीही कधी विचारायला गेले नाही. रडायला सुद्धा आधी कुणी तरी सांगावं लागतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, मग आम्ही भाजी आणली, फरशी पुसली, स्नेहलला नोकरी लागली तेव्हा मावा जिलेबी आणली, चार जणांची.

“आई,” स्नेहल ओल्या केसांनी वर आली. पदराचं टोक धरावं तसा तिनं फोन दोन बोटांत धरला होता. “पंकजच्या मम्मीचा मेसेज आलाय. पत्रिका कधी येतेय विचारतात. अन् लाह्यांना कोण उभं राहणार, ते पण.”

लग्नात होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो. सगळ्यांकडे असतं, आमच्याकडेही आहे. मला वाटलं होतं ते गुरुजींवर जाईल, की मांडवाच्या गडबडीत निघून जाईल. मी असं कितीतरी गोष्टींच्या बाबतीत वाटून घेतलेलं आहे.

“सांग, गोटू उभा राहील,” सर म्हणाले. गोटू म्हणजे रामदासभाऊजींचा मुलगा.

“त्या म्हणतील सख्खा असताना चुलत काहून?”

“म्हणावं, सुरतला सुट्टी नाही मिळाली.”

“बाबा, चार साल से छुट्टी नहीं मिल रही उसको,” स्नेहल म्हणाली. चिडली की ती हिंदीत शिरते, शाळेपासूनचं आहे. “कौनसी कंपनी है ये? मला पण सांगा, मी अर्जच करत नाही तिथं.”

मला हसू आलं. खरंच आलं, पोटातून, आणि ते दाबायला मी खोकले. सरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्यांच्या हातात अजून फोन होता, आणि त्यावर ती पत्रिका न सांगता पुन्हा सुरू झाली होती. सासरे आले, फिके होऊन थांबले. सासूबाई आल्या, थांबल्या. सर आले पूर्ण, मी आले पूर्ण. सरांनी खाटेवर बसत फोन पालथा करून मांडीवर दाबला, जसं काही त्यानं आवाज होणार नाही.

“काढूनच टाक त्याला,” ते म्हणाले. “कुणी विचारलं तर म्हणू, फोटो चांगला नव्हता.”

काढून टाकायचे दोन प्रकार असतात. एक, फोटो दिसत नाही पण त्याची जागा राहते, बाकीचे आपापल्या ठिकाणी. त्यातही एक गंमत आहे, न दिसणारा फोटो बोट लावलं की हात लागल्यासारखा दचकतो. माझ्या पत्रिकांमध्ये घरच्यांच्या फोटोवर बोट ठेवलं की त्यांना फोन लागतो, अशी सोय असते. भिकनशेठच्या वडिलांना मी शून्यावर नेऊन ठेवलं होतं, तर रिकाम्या झेंडूवर कुणाचं तरी बोट पडलं आणि सहा वर्षांपूर्वी गेलेल्या म्हाताऱ्याच्या नंबरावर फोन लागला. तो खंडव्याच्या कुणा बाईंना गेला होता. बाई बोलल्या म्हणे, चांगलं बोलल्या, नवरा-नवरीला आशीर्वाद दिला. मोहितच्या जागेवर मीही एकदा बोट ठेवून पाहिलं आहे. तिथं बाई नाही. तिथं एक मुलगी हिंदीत सांगते, आपण डायल केलेला नंबर मौजूद नाही, आणि मग तेच इंग्रजीत सांगते, आपल्याला आधी समजलं नसेल म्हणून.

दुसरा प्रकार म्हणजे जागेसकट. फोटोही जातो आणि जागाही जाते, आणि खालचे सगळे एक-एक घर वर सरकतात. मी तसं लिहिलं. सरांना म्हटलं, दाखवा. त्यांनी फोन उलटा केला. सनई, गणपती, सासरे, सासूबाई, आम्ही दोघं. आणि मग आमच्या शेजारी, जिथं मोहित होता तिथं, स्नेहलचा फोटो हलकेच वर येऊन बसला. हिरव्या साडीतला, बांगड्या दिसाव्यात म्हणून हनुवटीला हात लावलेला. काही खटकत नव्हतं. ज्याला माहीत नाही त्याला वाटलं असतं, हे घर पहिल्यापासून तिघांचंच.

स्नेहल वाकून बघत होती. तिच्या केसांतलं पाणी कळफलकावर पडलं.

“मला तिथं नको,” ती म्हणाली. “मी दुसरी आहे.”

ती खाली बसली, उंबऱ्यावर, नवरी मुलीनं उंबऱ्यावर बसू नये म्हणतात ते कुणी म्हटलं नाही. मी जागा परत दिली. स्नेहल एक घर खाली गेली. मोहितच्या नावापुढे आकड्याची रिकामी जागा, आणि त्यात ती उभी रेघ, लुकलुक करत. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. मला एकाएकी असं वाटलं की गेली चार वर्षं मी शिकले ते सगळं या एका जागेपर्यंत यायलाच शिकले, आणि इथं आल्यावर मला काहीच येत नाही. एक लिहावा तर बोट पुढे जात नव्हतं. चार लिहावा तर हात माझा आहे असं वाटत नव्हतं. बाई चार जणांची जिलेबी आणते, पोराच्या वाढदिवसाला शेजारी न सांगता शिरा करते, हे सगळं दोन्ही बाजूंनी चालतं. आकडा दोन्ही बाजूंनी चालत नाही.

मी लॅपटॉप उचलला आणि सरांच्या पुढ्यात खाटेवर ठेवला.

“तुम्ही भरा.”

“मी? मला काय येतं त्यातलं?”

“आकडाच आहे, सर. शून्य ते एक.”

“शून्य अन् एकच्या मधे अनंत संख्या असतात,” ते सवयीनं म्हणाले, फळ्याकडे तोंड करून म्हणावं तसं.

“अनंत नकोत. एकच पाहिजे. बारा वाजत आले.”

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. कळांवरची अक्षरं शोधत त्यांचं बोट फिरलं, उजव्या हाताचं पहिलं, ज्याच्या पेरात खडू धरून धरून घट्टा पडलाय. शून्य सापडला, तो दाबला. मग टिंब. ते टिंब शोधायला त्यांना फार वेळ लागला, किंवा त्यांनी लावला. मग बोट वर, आकड्यांच्या ओळीवर, चारच्या वर जाऊन थांबलं. खाली येईना. मी त्या बोटाकडे बघत होते. स्नेहल बघत होती. लूम चालूच होते. मला वाटलं आता ते म्हणतील, राहू दे, पत्रिका संध्याकाळी पाठवू, आणि मी हो म्हणेन, आणि संध्याकाळी आम्ही म्हणू उद्या. त्यांनी बोट बाजूला घेतलं आणि दुसऱ्या हातात धरून ठेवलं, दुखावल्यासारखं.

“शारदा,” ते म्हणाले. माझ्याकडे नाही, त्या रेघेकडे बघत. “सापडला होता तो. दापोऱ्याच्या खाली, सहाव्या दिवशी. मी अन् रामदासनं केलं सगळं तिथंच.”

स्नेहलनं गुडघ्यात तोंड घातलं. सर थांबले नाहीत.

“तुम्ही दोघी सुरत म्हणता, मी हो म्हणतो. मेलाय आपला मोहित. किती दिवस मी एकट्यानंच त्याला मेलेला धरू?”